चाल कोणाच्या हाती? : ‘पॅराडाइज लॉस्ट’ या वाद्यवृंदाचा बदलता नाद

‘पॅराडाइज लॉस्ट’ म्हटले की आपल्या महाविद्यालयातील इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना मिल्टन आठवतो, आणि मिल्टन आठवला की परीक्षा आठवते. १६६७ साली प्रसिद्ध झालेले ते महाकाव्य मीही विद्यार्थिदशेत परीक्षेपुरते वाचले. परंतु ज्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ने माझी खरोखर झोप उडवली, तो इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातल्या हॅलिफॅक्स या गावचा एक वाद्यवृंद आहे. १९८८ मध्ये पाच तरुणांनी तो सुरू केला आणि मिल्टनच्या काव्याचे नाव बेधडक उचलले. त्यांपैकी गायक निक होम्स, मुख्य गिटारवादक ग्रेगर मॅकिंटॉश, दुसरा गिटारवादक ॲरन एडी आणि बासवादक स्टीव्ह एडमंडसन हे चौघे आजही एकत्र आहेत. ड्रमवादक मात्र वेळोवेळी बदलले.

मेटल संगीत म्हणजे केवळ गोंगाट, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खोटा आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. गोंगाट तर त्यात आहेच. पण त्याला आकार आहे, शिस्त आहे आणि इतिहासही आहे. या वाद्यवृंदाचा मी जवळजवळ तीस वर्षांचा चाहता. या काळात त्यांनी आपला नाद इतक्या वेळा बदलला की त्यांचे चाहते आपसांत भांडले, रागावले, काही कायमचे दुरावले. रागावलेल्यांमध्ये मीही होतो. हा बदल नेमका कशात झाला, तो का खुपला, आणि आता इतक्या वर्षांनी त्याकडे पाहताना काय दिसते, हे समजावून सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करीत आहे. त्यातून माझी एक जुनी चूकही कबूल करायची आहे.

गॉथिक आणि मेटल

प्रथम या दोन शब्दांची ओळख करून घेऊ. ‘गॉथ’ हे युरोपातील एका प्राचीन टोळीचे नाव. पुढे मध्ययुगीन चर्चच्या टोकदार कमानींच्या बांधकामाला ‘गॉथिक’ हे नाव मिळाले, ते मुळात हिणवण्यासाठी. अठराव्या शतकात, १७६४ साली, हॉरेस वॉलपोलने ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ ही कादंबरी लिहिली आणि पडके किल्ले, भुयारे, शाप, मृत्यू यांनी भरलेल्या कथांना ‘गॉथिक’ म्हणू लागले. १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये हाच शब्द संगीताला चिकटला. बाऊहाउस, ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ आदी मंडळींचे संगीत खोल आवाजाचे, संथ, उदास होते. ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ हे लीड्सचे, म्हणजे हॅलिफॅक्सपासून अगदी जवळचे.

मेटलची कूळकथा बर्मिंगहॅमला सुरू होते. ‘ब्लॅक सबाथ’चा गिटारवादक टोनी आयोमी तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असे. तेथे यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणून तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने बोटांना प्लॅस्टिकच्या टोप्या करून बसवल्या, पातळ तारा वापरल्या आणि पुढे पुढे तारा उतरवून, म्हणजे खालच्या स्वरात लावून, तो वाजवू लागला. सैल तार दुखऱ्या बोटांना सोपी, आणि तिचा आवाज अधिक जड. १९७० मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि एका अपंग हाताच्या सोयीतून संगीताचा एक संप्रदाय उभा राहिला.

या दोन प्रवाहांचा संगम हॅलिफॅक्सच्या तरुणांनी केला. हॅलिफॅक्स हे लोकरीच्या आणि गालिच्यांच्या गिरण्यांचे गाव. तेथील डीन क्लफ हा गालिच्यांचा अवाढव्य कारखाना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडला. १९८४-८५ मध्ये यॉर्कशरच्या खाणकामगारांचा दीर्घ संप झाला आणि तो हरला. अशा प्रदेशात वाढलेल्या मुलांचे गाणे उदास निघाले, यात नवल ते काय?

नादाची थोडी मीमांसा

आता हा जड नाद निर्माण कसा होतो ते पाहू. घरी हार्मोनियम असेल तर एक प्रयोग करावा. मंद्र सप्तकातील षड्ज आणि पंचम एकदम दाबावेत. जो भरीव, स्थिर आवाज येईल तोच मेटल गिटारचा पाया. तंबोऱ्याची पहिली तार बहुधा पंचमात लावतात आणि तिचा षड्जाशी संवाद होतो, हे आपण जाणतोच. गिटारवर हीच जोडी वाजवून तिचा आवाज विजेच्या साहाय्याने मुद्दाम फाडतात; याला ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात. समजा षड्ज सेकंदाला १०० कंपनांचा आहे आणि पंचम १५० कंपनांचा. आवाज फाडला की या दोहोंतील फरकाचा, म्हणजे ५० कंपनांचा स्वरही निर्माण होतो. तो मूळ षड्जाच्या एक सप्तक खालचा षड्ज असतो. वाजवले दोन स्वर, आणि न वाजवलेला तिसरा खालून येऊन उभा राहिला! अंगावर काटा येतो तो या तिसऱ्यामुळे.

आता पंचम सोडून षड्जाबरोबर तीव्र मध्यम दाबावा. यमनात जो तीव्र मध्यम आपल्याला सायंकाळची प्रसन्नता देतो, तोच असा खाली, षड्जाला अगदी खेटून, फाटक्या आवाजात वाजला की भयसूचक होतो. ‘ब्लॅक सबाथ’ची पहिली ध्वनिमुद्रिका याच स्वरजोडीने सुरू होते आणि तेव्हापासून मेटलवाल्यांनी ती सोडलेली नाही. स्वर तोच, पण शेजार बदलला की स्वभाव बदलतो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

या पायावर एक लहानशी स्वरावली पुन्हा पुन्हा वाजते, तिला ‘रिफ’ म्हणतात. तबल्याच्या एकल वादनात लेहरा जे काम करतो, बरेचसे तेच काम रिफ करते. तो आधार धरूनच इतरांनी आपले रंग भरायचे.

राहिला कंठ. ‘डेथ मेटल’ या उपप्रकारात गायक जी गर्जना करतो, ती स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्यांना थरथरवून काढलेली असते. बोलताना किंवा गाताना या घड्या सहसा स्वस्थ असतात. त्यांच्या थरथरीतून निघालेल्या आवाजाला निश्चित स्वर नसतो. त्यात जोर आहे, लय आहे, शब्दही आहेत, पण चाल नाही. मग प्रश्न येतो : गायकाने चाल सोडून दिली तर ती उचलायची कोणी?

माझ्या मते ‘पॅराडाइज लॉस्ट’चा सारा इतिहास हे या एका प्रश्नाला दिलेले वेगवेगळे उत्तर आहे.

गिटार गाऊ लागते

१९९० मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘लॉस्ट पॅराडाइज’ पीसव्हिल या यॉर्कशरमधीलच छोट्या कंपनीने काढली. तीत जड, संथ रिफ आणि होम्सची गर्जना आहे. चालीचे काम फारसे नाही. परंतु १९९१ च्या ‘गॉथिक’मध्ये काहीतरी वेगळेच घडले. मॅकिंटॉशची गिटार रिफच्या वर तरंगू लागली. तो एकेक स्वर लांबवतो, तार ओढून मींड घेतो, आणि अपेक्षित स्वरावर येण्यास मुद्दाम उशीर करतो. त्याच्या अनेक चालींत कोमल गंधार, कोमल धैवत आणि कोमल निषाद येतात. म्हणजे स्वर पाहता तो आपल्या आसावरी थाटाचाच परिसर. गायक खाली गुरगुरतो आहे आणि वर गिटार रडते आहे, असे ते चित्र. चाल गिटारने उचलली होती.

त्याच ध्वनिमुद्रिकेत सेरा मॅरियन या गायिकेचा आवाज आणि तंतुवाद्यांचा साजही वापरला आहे. स्वित्झर्लंडच्या ‘सेल्टिक फ्रॉस्ट’ने १९८७ मध्ये असा प्रयोग केला होता, पण संथ मेटलला तो ‘गॉथिक’मुळे मानवला. पुढे नॉर्वेच्या ‘थिएटर ऑफ ट्रॅजेडी’सारख्या वाद्यवृंदांनी गर्जना करणारा पुरुष आणि मंजुळ गाणारी स्त्री ही जोडी इतकी रूढ केली की ती या प्रकाराची खूणच झाली. या प्रकाराचे ‘गॉथिक मेटल’ हे नावही याच ध्वनिमुद्रिकेची आठवण देते. गंमत अशी की दुसऱ्यांनी ही पायवाट रुळवीपर्यंत ‘पॅराडाइज लॉस्ट’ ती सोडून पुढे गेलेले होते.

१९९२ चे ‘शेड्स ऑफ गॉड’, १९९३ चे ‘आयकॉन’ आणि १९९५ चे ‘ड्रॅकोनियन टाइम्स’ या तीन ध्वनिमुद्रिका क्रमाने ऐकल्या तर होम्सचा कंठ उलगडत जाताना स्पष्ट ऐकू येतो. प्रथम गर्जनेत अधूनमधून स्वर डोकावतो, मग ती खडबडीत हाक होते, आणि ‘ड्रॅकोनियन टाइम्स’मध्ये तो बऱ्याच ठिकाणी चक्क गातो. तिच्या पहिल्याच गीताचा प्रारंभ पियानोने होतो. येथे चाल दोघांत वाटलेली आहे. गायक एक ओळ म्हणतो, गिटार तिला उत्तर देते. ही जुगलबंदी इतकी समतोल आहे की आजही पुष्कळ चाहते हीच त्यांची सर्वोत्तम कृती मानतात.

मी त्यांना प्रथम ऐकले ते येथेच. १९९६ साली वसतिगृहात माझ्या खोलीतील कन्नडभाषिक मित्राच्या मावसभावाने बंगळूरहून ही कॅसेट भरून आणली होती. भरलेली कॅसेट, त्यामुळे मुखपृष्ठ नाही, गीतांची नावे नाहीत, शेवटच्या गीताचा शेवटही नाही. फीत तेथेच संपलेली. इंग्रजी शब्द आम्हा दोघांनाही निम्मेच कळत. जो अर्थ मी लावी तो त्याला मान्य नसे, आणि तो लावी तो मला. पण दिवा मालवून ती कॅसेट लावली की आमचे एकमत होई. त्या वर्षी माझ्या घरी काही बरे चाललेले नव्हते. ते मी कोणाला सांगितले नाही. ती गिटार मात्र रोज रात्री माझ्यासाठी ते कोणाला तरी सांगत असे, असे मला वाटे. चाहता होणे म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले : आपले सांगणे दुसऱ्या कोणीतरी आपल्याआधी सांगून ठेवलेले सापडणे.

गिटार लपते

१९९७ मध्ये ‘वन सेकंड’ आले. होम्सने लांब केस कापले होते आणि गर्जना तर पूर्णच टाकली होती. पियानो आणि कीबोर्ड पुढे आले, गीते आटोपशीर झाली. अनेक चाहते चरफडले, पण गिटार अजून होती म्हणून निभावले. १९९९ मध्ये ईएमआय या बड्या कंपनीकडून ‘होस्ट’ निघाले आणि निभावणेही संपले. ‘होस्ट’ची निर्मिती स्टीव्ह लायनने केली होती; ‘डिपेश मोड’ या इलेक्ट्रॉनिक संगीतातील प्रसिद्ध मंडळींबरोबर त्याने काम केलेले होते, आणि ती छाया ‘होस्ट’वर उघड दिसते. यंत्राचे ठोके, तंतुवाद्यांचा मुलायम साज, शांत गाणारा होम्स. गिटार कोठे गेली? ती होती, पण अनेक यंत्रांतून गाळून तिचा आवाज असा पालटलेला की ती गिटार आहे हे ओळखूच येऊ नये.

ही कॅसेट मित्रानेच आणली. मी दोन-तीन गीते ऐकली आणि यंत्र बंद केले. “हे आपले नव्हेत,” मी म्हणालो. “पैशासाठी विकले गेले.” तो म्हणाला, “अरे, गिटार शोधू नकोस. चाल ऐक.” मी त्याची टर उडवली. त्याला मेटल कधी कळलेच नव्हते, इथपर्यंत बोललो. भांडण झाले असे म्हणता येणार नाही, पण त्यानंतर आम्ही दिवा मालवून कॅसेट लावली नाही. वर्षअखेर वसतिगृह सुटले.

आज विचार करता माझ्या रागाचे कारण स्पष्ट दिसते. मी ‘होस्ट’ ऐकतच नव्हतो. १९९६ मधली माझी खोली मी त्यात शोधत होतो. ज्या आवाजाने माझे दुःख सांगितले तो आवाज आता माझ्या मालकीचा आहे, असे मी धरून चाललो होतो. कलावंताने बदलू नये असा आपला हट्ट असतो, त्यामागे बहुधा हा मालकीहक्क असतो. आपण स्वतः मात्र बिनदिक्कत बदलत असतो.

याचा अर्थ प्रत्येक बदल चांगलाच, असा नाही. २००१ चे ‘बिलीव्ह इन नथिंग’ मला आजही अर्धवट वाटते. त्यात गिटार परतली आहे, पण पाहुण्यासारखी. ‘होस्ट’चा निर्भयपणा नाही आणि ‘आयकॉन’चा जोरही नाही. २०१८ मध्ये या ध्वनिमुद्रिकेचे नव्याने मिश्रण करून ती पुन्हा काढण्यात आली. कोणी रागावू नये म्हणून केलेला बदल आणि आतून आलेला बदल यांतला फरक समजून घ्यायचा असेल तर ‘होस्ट’ आणि ‘बिलीव्ह इन नथिंग’ पाठोपाठ ऐकावीत. माझ्या मते धाडस पहिल्यात आहे. तडजोड दुसऱ्यात आहे.

परतीची वाट

२००२ च्या ‘सिंबल ऑफ लाइफ’पासून नाद हळूहळू पुन्हा जड होऊ लागला. २००७ च्या ‘इन रेक्विएम’मध्ये मॅकिंटॉशची रडणारी गिटार स्पष्टपणे पुढे आली, आणि २००९ व २०१२ च्या ध्वनिमुद्रिकांत ती ठामपणे स्थिरावली. पण होम्स अजून गातच होता. गर्जना परतली नव्हती.

ती परतण्यामागे एक दुःखाची घटना आहे. मॅकिंटॉशचे वडील वारले. त्या शोकातून त्याने ‘व्हॅलनफायर’ नावाचा वेगळा वाद्यवृंद उभा केला आणि २०११ मध्ये ‘अ फ्रॅजाइल किंग’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तारुण्यात तो जे रांगडे, अघळपघळ, काळेकुट्ट संगीत ऐकत असे, त्याकडे तो तेथे वळला, आणि या वेळी गर्जना त्याने स्वतःच केली. इतकी वर्षे ज्याने गिटारला रडायला लावले, त्याला वडिलांसाठी सुरेल रडणे पुरेसे वाटले नसावे, असा मी आपला अर्थ लावतो. काही दुःखांना चाल नसते. इकडे होम्सही २०१४ मध्ये स्वीडनच्या ‘ब्लडबाथ’ या डेथ मेटल वाद्यवृंदात गायक म्हणून दाखल झाला. दोघांनी बाहेरून आणलेली ही शिदोरी २०१५ च्या ‘द प्लेग विदिन’मध्ये घरी उघडली गेली. गर्जना परत आली. २०१७ चे ‘मेड्युसा’ तर त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील अत्यंत संथ आणि जड कृतींपैकी एक. त्यातील पहिलेच गीत आठ मिनिटांहून लांब आहे. अतिविलंबित ख्यालाची सवय असलेल्या आपल्या कानांना या संथपणाचे भय वाटू नये.

मी अर्थातच आनंदलो. ‘बघा, शेवटी घरी परतले!’ असे मनाशी म्हणालो. परंतु ‘गॉथिक’ आणि ‘द प्लेग विदिन’ एकापाठोपाठ ऐकताना लक्षात आले की ही नुसती परत येणे नव्हे. १९९१ चा होम्स केवळ गर्जना करू शकत होता. २०१५ चा होम्स गर्जना करतो, हाक देतो, आणि शांतपणे गातोही. कधी कधी एकाच गीतात तिन्ही. ही शांत गाण्याची कला त्याने मिळवली कोठे? ‘वन सेकंड’मध्ये आणि ‘होस्ट’मध्ये. २०२० चे ‘ऑब्सिडियन’ ऐकावे. त्याचे पहिले गीत मृदू गिटारने आणि कोमल गाण्याने सुरू होते आणि मग गर्जनेवर येऊन आदळते. ज्या ध्वनिमुद्रिकेला मी विश्वासघात म्हटले होते, तिच्यावाचून हा प्रारंभ शक्यच नव्हता.

तेव्हा मी ‘होस्ट’ पुन्हा काढले, वीस वर्षांनी. गिटार शोधली नाही. चाल ऐकली. आणि काय आश्चर्य! तेच लांबवलेले स्वर, तोच उशिरा येणारा विसावा, तेच कोमल स्वरांचे सावट. मॅकिंटॉशच्या गिटारने जे केले असते ते होम्सचा कंठ करीत होता. चाल गिटारकडून कंठाकडे गेली होती, एवढेच झाले होते. हार्मोनियमवरच्या त्या तीव्र मध्यमासारखे हे आहे : स्वर तोच, शेजार बदललेला, आणि मी शेजाराकडे पाहून स्वराला ओळख नाकारली होती.

पैशासाठी विकले गेल्याचा माझा आरोपही टिकला नाही. २०२३ मध्ये होम्स आणि मॅकिंटॉश या दोघांनी ‘होस्ट’ हेच नाव घेऊन एक स्वतंत्र जोडी केली आणि त्याच इलेक्ट्रॉनिक वळणाची ‘नाइन’ ही ध्वनिमुद्रिका काढली. ज्या कृतीने चाहते दुरावले, तिचे नाव कोणी चोवीस वर्षांनी कमाईच्या आशेने मिरवीत नाही. ते त्यांना मनापासून आवडत होते, इतकेच. त्याच वर्षी त्यांनी ‘आयकॉन’ ही ध्वनिमुद्रिका तिच्या तिसाव्या वर्षानिमित्त संपूर्ण नव्याने वाजवून प्रसिद्ध केली. एका वर्षात दोन्ही टोके! २०२५ च्या ‘असेन्शन’मध्ये तर गर्जना आणि गायन, गिटार आणि कंठ, सारेच शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

समारोप

सारांश असा. ‘पॅराडाइज लॉस्ट’चा नाद बदलला तो मुख्यतः तीन गोष्टींत : कंठ गर्जतो की गातो, गिटार पुढे आहे की मागे, आणि लय किती संथ. या तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, चाल कोणाच्या हाती? आरंभी ती गिटारकडे होती, मग दोघांत वाटली गेली, मग कंठाकडे गेली, आणि आता गरजेप्रमाणे हात बदलते. जी गोष्ट बदलली नाही ती म्हणजे त्या चालीतला शोक. हॅलिफॅक्सच्या त्या चार मुलांचे केस पांढरे होईपर्यंत तो टिकला आहे.

विद्यार्थी मित्रांना यातून एवढेच सुचवावेसे वाटते की एखाद्या आवडत्या कलावंताने वळण घेतले तर लगेच निकाल देऊ नये. त्याच्यातील कोणती गोष्ट आपण धरून बसलो होतो, ते प्रथम तपासावे. पुष्कळदा जी गोष्ट हरवली म्हणून आपण रडतो ती दुसऱ्या खोलीत सुखरूप असते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्या मित्राला हे सारे सांगितले. तो आता दुसऱ्या गावी नोकरीस आहे. “‘होस्ट’बद्दल तू म्हणत होतास ते बरोबर होते,” असे म्हणायला मला पंचवीस वर्षे लागली. तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, “पण त्यांचे ‘मेड्युसा’ ऐकलेस का? किती जड, किती संथ! हे आपले नव्हेत रे.”

मी त्याला म्हणालो, “अरे, गर्जना ऐकू नकोस. चाल ऐक.”

त्याने माझी टर उडवली. मग उठून त्याने दिवा मालवला, आणि आम्ही ‘मेड्युसा’ पहिल्यापासून लावले.